ठाणे लोकसभा: शिवसेनेचा पहिला खासदार कधी निवडून आला? (पैज आणि उजळणी)

तळ्याकाठचा

परवा मामलेदारच्या मिसळीवर आमची पैज लागली. प्रश्न साधा होता. ठाण्यातून शिवसेनेचा पहिला खासदार लोकसभेत कोणत्या साली गेला? एक जण म्हणाला ७७. दुसऱ्याने ८९ वर बोट ठेवलं. तिसरा तर ‘अरे, पहिल्यापासूनच’ म्हणून मोकळा झाला. उत्तर आहे १९९६. मिसळ फुकटात मिळाली, पण घरी येताना वाटलं, चाळीस वर्षं इथे मतं टाकणाऱ्यांचीही ही अवस्था असेल तर एकदा सगळं लिहून काढावं.

घोटाळा का होतो तेही उघड आहे. १९६७ साली ठाणे नगरपालिका सेनेकडे आली, वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. सेनेला सत्ता अशी पहिल्यांदा मिळाली ती ठाण्यातच. त्यामुळे ‘ठाणे म्हणजे सेना’ हे डोक्यात पक्कं बसलं. पण नगरपालिका वेगळी आणि लोकसभा वेगळी. दोन्हींच्या मध्ये २९ वर्षं गेली.

आता मुळापासून.

१९५२ आणि १९५७ ला ठाणे हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जमातींसाठी राखीव, कारण त्यात आदिवासी तालुकेही होते. ५२ ला दोन्ही जागा काँग्रेसला मिळाल्या. ५७ ला संयुक्त महाराष्ट्राची लाट आली आणि दोन्ही जागा कम्युनिस्ट पक्षाकडे गेल्या. शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू मातेरा. हो, ठाण्याचे दोन्ही खासदार लाल बावट्याचे. परुळेकर म्हणजे ४५ च्या वारली उठावातले, गोदावरीबाईंचे यजमान. आज राम मारुती रोडवर कुणाला हे सांगितलं तर तो माझ्याकडे ‘सकाळीच?’ अशा नजरेने बघेल.

६२ ला जागा एकच उरली आणि काँग्रेसचे सोनुभाऊ बसवंत निवडून आले. मग ६७ आणि ७१ ला ‘ठाणे’ नावाचा मतदारसंघच नव्हता. भिवंडी होता, डहाणू होता. ७७ ला ठाणे परत आलं आणि जनता पक्षाचे रामभाऊ म्हाळगी जिंकले. ८० साली देशभर इंदिराबाईंची लाट असतानाही म्हाळगी टिकले, जनता पक्षाकडूनच (आधी इथे मी चुकून ‘भाजप’ लिहिलं होतं, खालची दुरुस्ती बघा). १९८२ मध्ये ते गेले, पोटनिवडणूक झाली, जगन्नाथ पाटील आले. ८४ ला काँग्रेसचे शांताराम घोलप. त्यानंतर आजतागायत काँग्रेसच्या चिन्हावर इथून कुणीही दिल्लीला गेलेलं नाही. ८९ आणि ९१ ला भाजपचे राम कापसे.

आणि मग ९६. युतीत ही जागा भाजपकडे होती, दोनदा जिंकलेली होती, तरी सेनेने मागून घेतली. ठाण्याचे सेना जिल्हाप्रमुख आनंद दिघे साहेबांचा शब्द होता. नगरसेवक असलेले प्रकाश परांजपे उमेदवार झाले आणि ९६, ९८, ९९, २००४ असे चार वेळा निवडून आले. २००८ मध्ये त्यांचं निधन झालं. पोटनिवडणुकीत मुलगा आनंद परांजपे आला.

२००९ पासूनचं सगळ्यांना आठवत असेल, तरी क्रम देतो: संजीव नाईक (राष्ट्रवादी), राजन विचारे (सेना) दोनदा, २०२४ ला नरेश म्हस्के (शिंदे यांची शिवसेना).

कुठे चुकलं असेल तर कान धरा.

---

जुना_डोंबिवलीकर

कान धरतो. ☺

तुम्ही कापशांना एका ओळीत गुंडाळलंत. प्रा. राम कापसे आमचे, म्हणजे कल्याण-डोंबिवलीकडचे. पुढे राज्यसभेत गेले आणि नंतर अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल झाले. डिसेंबर २००४ ला सुनामी आली तेव्हा तिथे तेच होते. टीव्हीवर पोर्ट ब्लेअरच्या बातम्या चालू होत्या आणि फडके रोडवर आम्ही ‘आपले सर आहेत तिकडे’ म्हणत होतो.

मुद्दा असा की तुमचं ‘ठाणे’ त्या काळी ठाण्यापुरतं नव्हतंच. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, उल्हासनगर, खाली बेलापूर, सगळं एकाच मतदारसंघात. मतदारसंख्येच्या हिशोबाने देशातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांत त्याची गणना व्हायची. त्यात संघाची डोंबिवली होती, सिंधी व्यापाऱ्यांचं उल्हासनगर होतं, अंबरनाथचा कारखान्यांचा पट्टा होता. म्हाळगी निवडून आले ते तलावपाळीमुळे की डोंबिवलीमुळे, हे ठाणेकरांनी जरा छातीवर हात ठेवून सांगावं.

म्हाळगींबद्दल अजून एक. ते दरवर्षी आपल्या कामाचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवायचे. अधिवेशनात काय प्रश्न विचारले, मतदारसंघात काय केलं, सगळं. आमच्या वडिलांच्या कपाटात एक होता, पिवळा पडलेला. घर बदलताना रद्दीत गेला. त्याचं दुःख मला अजून आहे.

---

आकडेबाज

दुरुस्ती क्र. १: ८० च्या जानेवारीत म्हाळगी जिंकले तेव्हा भाजप जन्मालाच यायचा होता. ते जनता पक्षाचे उमेदवार होते. भाजपची स्थापना त्याच वर्षी ६ एप्रिलला. म्हणजे कमळावर ठाण्यातून निवडून आलेला पहिला माणूस शोधायचा तर तो ८२ च्या पोटनिवडणुकीतले जगन्नाथ पाटील.

दुरुस्ती क्र. २ नाही, भर म्हणा. दोन सदस्यांच्या मतदारसंघात मतदान कसं व्हायचं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. प्रत्येक मतदाराला दोन मतं. दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. मोजताना आधी राखीव जागा, म्हणजे जमातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वांत जास्त मतं तो. मग उरलेल्या सगळ्यांत जो पुढे, तो सर्वसाधारण जागेवर. आता गंमत बघा: दुसऱ्या जागेवरही जमातीचाच उमेदवार येऊ शकतो. ५७ ला आंध्रात पार्वतीपुरमला असंच झालं. व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले, ते अशाच हिशोबात हरले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथेही हरले. ६१ साली कायदा करून ही पद्धतच मोडीत काढली. म्हणून ६२ ला ठाण्याला एकच खासदार.

---

तळ्याकाठचा

@आकडेबाज, मान्य. ८० ची दुरुस्ती लेखात करतो. मी स्वतः ‘भाजपचे म्हाळगी’ म्हणतच मोठा झालो, म्हणून चूक झाली.

@जुना_डोंबिवलीकर, काका, छातीवर हात ठेवला. डोंबिवलीमुळे. बास?

---

गावठाणातला

नवी मुंबईतल्या घणसोलीचा आहे, आगरी. गप्प बसणार होतो, पण राहवलं नाही.

तुमच्या सगळ्या यादीत आम्ही कुठे दिसतो? ‘खाली बेलापूर’ एवढंच. १९७० च्या सुमारास नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी जमिनी घ्यायला लागले तेव्हापासून आमच्या प्रत्येक निवडणुकीत एकच विषय. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड, गावठाणाची हद्द, गरजेपोटी बांधलेली घरं. माझ्या आजोबांचा नेता कोण विचारलंत तर दि. बा. पाटील. आता ते पलीकडचे, कुलाबा-रायगडचे, शेतकरी कामगार पक्षाचे. पण जानेवारी ८४ ला उरणजवळ जासई-नवघरला गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा इकडच्या गावांतही चूल पेटली नव्हती असं आजी सांगायची. मत ठाण्याला द्यायचं आणि डोळे उरणकडे लावायचे, असा आमचा मतदारसंघ होता.

नवी मुंबई महापालिका ९२ ला झाली, ९५ ला पहिली निवडणूक. संजीव नाईक महापौर, तेव्हा जेमतेम पंचविशीच्या आत. मग ९९ ला त्यांचे वडील गणेश नाईकांनी सेना सोडली, राष्ट्रवादीत गेले. २००९ ला संजीवदादा खासदार झाले तेव्हा आमच्याकडे ढोल वाजले ते राष्ट्रवादीसाठी नाही हो. खाडीच्या या बाजूचा माणूस पहिल्यांदा गेला म्हणून.

---

कोपरीची_मीना

@गावठाणातला, दादा, ढोल इकडेही ऐकू आले होते. पण खरं सांगा, मनसे नसती तर वाजले असते का?

---

आकडेबाज

अरे वा, आला मुद्द्यावर धागा. २००९ चे आकडे:

संजीव नाईक ३,०१,०००
विजय चौगुले (शिवसेना) २,५१,९८०
राजन राजे (मनसे) १,३४,८४०

फरक ४९,०२०. राजे यांच्या मतांपैकी साधारण ३७ टक्के चौगुल्यांकडे गेली असती आणि बाकीची घरी बसली असती, तरी निकाल फिरला असता. पण मनसेची सगळी मतं सेनेतून फुटलेली होती हे गृहीत धरू नका. पहिल्यांदाच मतदान करणारी पोरं होती, काही काँग्रेसवर चिडलेली होती. मी स्वतः मोजणीच्या दिवशी काउंटिंग एजंटांच्या गराड्यात उभा होतो. प्रत्येक फेरीनंतर आमच्या शेजारचे एक काका बोटांवर सेना अधिक मनसे करत होते आणि दर वेळी ‘बघ, आपणच’ म्हणत होते. दोन पक्ष एकत्र लढले नाहीत एवढीच त्या बेरजेत खोट होती.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. २००९ ची निवडणूक नव्या हद्दींवर झाली. फेररचनेत डोंबिवली, कल्याण पूर्व, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मुंब्रा-कळवा ‘कल्याण’ नावाच्या नव्या मतदारसंघात गेले. कल्याण पश्चिम भिवंडीत. ठाण्याच्या वाट्याला सहा राहिले: मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली, बेलापूर. म्हणजे परांजप्यांचं ठाणे आणि विचाऱ्यांचं ठाणे, नाव एक, जमीन वेगळी. २००८ ची पोटनिवडणूक ही जुन्या अवाढव्य ठाण्याची शेवटची. त्यात संजीव नाईक हरले आणि वर्षभरात नव्या हद्दीत तेच जिंकले. माणूस तोच, पक्ष तोच. बदलली ती हद्द, आणि मध्ये मनसे आली.

---

जुना_डोंबिवलीकर

आणि आनंद परांजपे २००९ ला आमच्या कल्याणमधून सेनेचे खासदार झाले. नंतर राष्ट्रवादीत गेले. २०१४ ला कल्याणात श्रीकांत शिंद्यांकडून हरले. २०१९ ला परत ठाण्यात, राष्ट्रवादीकडून, विचाऱ्यांसमोर. वडिलांनी चार वेळा धनुष्यबाणावर जिंकलेल्या ठिकाणी मुलगा घड्याळावर, धनुष्यबाणाच्या विरुद्ध. लिहिणाऱ्याने कथेत असं लिहिलं तर संपादक म्हणेल, फारच जुळवून आणलंय.

---

शाखेसमोरचा

परांजपे साहेबांना (थोरल्यांना) ‘दिघे साहेबांचा उमेदवार’ म्हणून एका वाक्यात संपवणं बरोबर नाही. २००४ आठवा. समोर वसंत डावखरे. राष्ट्रवादी-काँग्रेस आघाडी, राज्यात त्यांची सत्ता, डावखऱ्यांचा दांडगा जनसंपर्क. दिघे साहेब तर २००१ च्या ऑगस्टमध्येच गेले होते. आमच्याकडे सगळे म्हणत होते की साहेब नाहीत, आता ही जागा गेली. तरी परांजपे निसटता का होईना, जिंकले. ते यश टेंभी नाक्याच्या, म्हणजे दिघे साहेबांच्या, पुण्याईवर मोजायचं की परांजप्यांच्या खात्यावर, हे मला आजही ठरवता येत नाही. मी तेव्हा स्लिपा वाटत होतो. चरईतल्या चार मजली इमारती, लिफ्ट नाही, आणि प्रत्येक मजल्यावर ‘डावखरे साहेबांचा माणूस आत्ताच येऊन गेला’ हे ऐकायचं.

---

मीरारोडवाली

मी या धाग्यावरची एकटीच दिसते मीरा-भाईंदरची.

आमची व्यथा ऐका. आमच्या खासदाराला भेटायचं तर घोडबंदर रोड, त्यावरची वाहतूक तुम्हाला माहीत आहेच. ट्रेनने जायचं तर पश्चिम रेल्वेने दादर, तिथून मध्य रेल्वेने उलटं ठाणे. एका मतदारसंघातल्या दोन शहरांमध्ये थेट लोकल नाही! प्रचार मात्र चारही भाषांत येतो. आमच्या सोसायटीत गुजराती, मारवाडी, हिंदी, मराठी अशा चार वेगवेगळ्या पत्रिका आल्या होत्या. फोटो एकच.

२०२४ ला माझं नाव यादीत होतं, माझ्या नवऱ्याचं नव्हतं, आणि तीन वर्षांपूर्वी घर विकून गेलेल्या शेजाऱ्यांचं होतं. कार्यालयाला विचारलं तर ‘ऑनलाइन बघा’. ऑनलाइनच बघून तर आलो होतो.

बाय द वे, @जुना_डोंबिवलीकर काका, म्हाळगींच्या नावाची प्रबोधिनी आमच्याच हद्दीत आहे, भाईंदरला उत्तनला. त्यांच्या काळातलं ठाणे कसंही असो, आज त्यांचं नाव नव्या ठाण्यातच आहे.

---

जुना_डोंबिवलीकर

वा ताई! हे जुळवून बघितलंच नव्हतं.

---

शाखेसमोरचा

आता खरा विषय. २०२४. वाद घालायचाच असेल तर यावर घाला.

---

आकडेबाज

घालू. आधी आकडे.

२०१४: राजन विचारे ५,९५,३६४, संजीव नाईक ३,१४,०६५.
२०१९: राजन विचारे ७,४०,९६९, आनंद परांजपे ३,२८,८२४. मताधिक्य ४,१२,१४५.
२०२४: नरेश म्हस्के ७,३४,२३१, राजन विचारे (आता उद्धव ठाकरे यांची शिवसेना, चिन्ह मशाल) ५,१७,२२०. मताधिक्य २,१७,०११.

मला यातली एकच गोष्ट झोपू देत नाही. २०१९ ला धनुष्यबाणाला ७,४०,९६९. २०२४ ला धनुष्यबाणाला ७,३४,२३१. फरक ६,७३८ फक्त! मधल्या काळात पक्ष फुटला, मुख्यमंत्री बदलला, चिन्हावर निवडणूक आयोगात खटला झाला, माणूस बदलला. आणि बाणाखालची मतं जवळपास तिथेच.

---

शाखेसमोरचा

म्हणजे लोकांनी चिन्हाला मत दिलं. हेच मी सांगतोय. दहा वर्षं विचाऱ्यांच्या प्रचारात आम्हीच म्हणत होतो, ‘बाणासमोरचं बटण दाबा’. म्हाताऱ्या माणसांना तेच पाठ. विचारे मशालीवर गेले, बटण तिथेच राहिलं.

---

गावठाणातला

नाही पटत. ही बेरीज फसवी आहे.

२०१९ च्या लोकसभेत नाईकांचं सगळं घर राष्ट्रवादीत, म्हणजे परांजप्यांच्या बाजूने. त्याच वर्षी सप्टेंबरात गणेश नाईक भाजपमध्ये. म्हणजे २०२४ ला ऐरोली-बेलापूरची मोठी यंत्रणा या बाजूने आली. तिकडे विचाऱ्यांबरोबर ठाण्यातली उद्धवसाहेबांची मतं गेली, मीरा रोडची मुस्लिम मतं गेली, काँग्रेसची गेली. एक टोपली रिकामी झाली आणि तेवढीच दुसरीकडून भरली. वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी हललंच नाही.

आणि नाईकांची यंत्रणा तरी मनापासून कुठे? जागा भाजपला मिळावी, संजीवदादांना मिळावी, यासाठी आमच्याकडे केवढा आटापिटा झाला. म्हस्क्यांचं नाव मे महिन्यात उजाडता उजाडता आलं आणि इथे भाजपच्या पदाधिकाऱ्यांचे राजीनामे पडले. २० मे ला मतदान. तीन आठवड्यांत राग गिळून कामाला लागायचं होतं. काही लागले, काहींनी लागल्यासारखं केलं.

---

कोपरीची_मीना

दादा, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण शाखेसमोरच्यांचाही चुकीचा नाही. कोपरीत तेव्हा शिंदे साहेब स्वतःच आमदार आणि मुख्यमंत्री होते. आमच्या चाळीत लोकांना म्हस्के, विचारे यातलं काही नव्हतं. ‘आपला माणूस सीएम आहे’ एवढंच. विचारे साहेबांबद्दल वाईट बोलणारा एकही माणूस मला सापडला नाही, आणि त्यांना मत दिलेला आमच्या मजल्यावर एकच सापडला. तो माझा सासरा. त्याने घरात जाहीर केलं आणि आठवडाभर सासूने त्याच्याशी बोलणं टाकलं.

---

तळ्याकाठचा

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. दोन्ही बाजूंनी.

सगळं वाचून मला माझाच धागा वेगळा दिसायला लागलाय. मी ‘बालेकिल्ला’ हा शब्द मनात ठेवून सुरुवात केली होती. पण ५७ चं ठाणे जंगलपट्टीच्या आदिवासींचं, ७७ चं ठाणे मध्य रेल्वेच्या नोकरदारांचं, ९६ चं टेंभी नाक्याचं, २००९ नंतरचं खाडीच्या दोन्ही काठांचं आणि वर घोडबंदरच्या पलीकडचं. कुणाचा किल्ला म्हणायचा? दर वेळी तटबंदीच दुसरीकडे बांधली.

नव्या मतदारसंघात मात्र एक सूत्र दिसतं. तिन्ही खासदार माजी महापौर. नाईक नवी मुंबईचे, विचारे आणि म्हस्के ठाण्याचे. जुन्या ठाण्यात म्हाळगी, कापसे यांच्यासारखी संघटनेतून, सभागृहातून आलेली माणसं होती. आता दिल्लीचा रस्ता महापालिकेच्या पायऱ्यांवरून जातो. याचं चांगलं-वाईट मला ठरवायचं नाही, पण गटार, पाणी आणि टीएमटीच्या बस यांच्यावरच लोकसभेचा प्रचार का होतो याचं उत्तर मला तिथे मिळालं.

---

गावठाणातला

आमच्याकडे तर लोकसभेपेक्षा विधानसभेत जास्त रंगत असते. बेलापूरला २०१४ ला मंदाताई म्हात्रेंनी गणेश नाईकांना १,४९१ मतांनी पाडलं. २०२४ ला त्याच बेलापूरला संदीप नाईक शरद पवारांच्या पक्षाकडून, मंदाताई भाजपकडून, आणि फरक ३७७! वडील ऐरोलीत भाजपचे उमेदवार, मुलगा शेजारी भाजपच्या विरुद्ध. दोन लाखांच्या मताधिक्याचे तुमचे आकडे वाचताना आम्हाला झोप येते.

---

मीरारोडवाली

३७७! आमच्या सोसायटीच्या दोन विंग मिळून एवढी मतं होतील. (नवऱ्याचं नाव यादीत आलं तर ३७८.)

---

आकडेबाज

@तळ्याकाठचा, लेखात ८० ची दुरुस्ती अजून झालेली नाही.

---

तळ्याकाठचा

केली. आणि शीर्षकातली पैज तशीच ठेवतोय, कारण परवा जो ‘पहिल्यापासूनच’ म्हणाला होता तोच हा धागा वाचून आज फोनवर म्हणाला, ‘९६ ठीक आहे, पण ५७ चं तू मिसळीआधी सांगितलं असतंस तर मी पैज लावलीच नसती.’ पुढची मिसळ त्याच्याकडून, असं त्याने कबूल केलंय. जुना_डोंबिवलीकर काका, शनिवारी या. येताना कपाटात पुन्हा एकदा बघा, कुठला अहवाल राहिला असेल तर.